एका आडाची गोष्ट आणि आपली 'सात गावं एका दिवसात'

सकाळी आमच्या इथल्या, इंग्लंडमधल्या ग्रुपवर एकाने प्लॅन टाकला. त्याचे आईबाबा पुढच्या आठवड्यात येतायत. शनिवारी कॉट्सवोल्ड्सची, म्हणजे जुन्या दगडी घरांसाठी प्रसिद्ध भागातली, सात गावं, रविवारी स्टोनहेंज, बाथ आणि वेळ उरला तर सॅलिसबरी. खाली पंधरा अंगठे. मी आपलं लिहिलं, रेडिंगहून अर्ध्या तासावर स्टोक रो नावाचं खेडं आहे, तिथे काशीच्या राजाने बांधून दिलेली विहीर आहे, आईबाबांना घेऊन जा. उत्तर आलं, "विहीर बघायला विमानाने बोलवायचं का त्यांना? 😂" त्यावर परत अंगठे.

ऑफिसच्या दोन मीटिंगा झाल्या तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऑक्सफर्डशरच्या चिल्टर्न टेकड्या वरून हिरव्यागार, पण खाली सगळा खडूचा दगड. पाऊस पडतो आणि मुरून खोल जातो, वर थांबत नाही. जुन्या काळी लोक डबक्यांवर आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर दिवस काढायचे. त्याच भागातला एडवर्ड रीड नावाचा साहेब उत्तर हिंदुस्थानात मोठा अधिकारी होता. त्याने काशीच्या महाराजांना, ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना, बोलता बोलता आपल्या गावाकडची हकीकत सांगितली: घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईचा मार बसला होता. राजाने ते लक्षात ठेवलं आणि पुढे पैसे पाठवले. 1863 साली खोदायला घेतलं, 1864 च्या मे महिन्यात पाणी लोकांना खुलं झालं. खोली 368 फूट. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल आत उभं केलं तर बुडेल, आणि हे सगळं माणसांनी हाताने खणलंय. वर लोखंडी खांबांवर घुमट, घुमटाखाली रहाटावर सोनेरी हत्ती. शेजारी चेरीची बाग, तिच्या उत्पन्नातून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून लावलेली. बागेचं नाव 'ईश्वरी बाग'. ऑक्सफर्डशरमध्ये!

मागच्या वर्षी माझी आई आली होती. माझं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं, आणखी काय सांगू. तेव्हा मीही तेच केलं जे सगळे करतात. हो, मीच. पहिल्याच शनिवारी सहा गावांची यादी. बायबरीत विणकरांच्या जुन्या घरांपुढे फोटो, बोर्टनला नदीकाठी फोटो, तिथल्या 1937 च्या छोट्या मॉडेल गावात फोटो. प्रत्येक ठिकाणी पार्किंग शोधायला वीस मिनिटं, मग संडासाची रांग, मग "आई लवकर, पुढे अजून तीन आहेत". चौथ्या गावात ती गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "तुमी या बघून. मी बसते हितं." मला राग आला. खरंच आला. एवढी सुट्टी टाकून, एवढं पेट्रोल जाळून मी हिला फिरवतेय आणि ही गाडीत बसते! आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. त्या फोटोंत ती हसतेय, पण कुठलं गाव कुठलं ते तिला सांगता येत नाही. मलाही येत नाही.

पुढच्या शनिवारी यादीच केली नाही. जवळचं म्हणून आधी ग्रेज कोर्टला गेलो. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची जुनी गढी आहे, तिथे विहिरीवर एक अवाढव्य लाकडी चाक. आत गाढव चालायचं, चाक फिरायचं, बादली वर यायची. आई त्या चाकापुढून हलेना. "आमच्याकडं मोटंला बैल, ह्यांच्याकडं गाढाव. गाढवाचे हाल सगळीकडं सारकेच." एका इंग्रज आजोबांना तिने हातवारे करून मोट समजावली, तिचे दोर म्हणजे नाडा, सौंदर, सगळं. मी दुभाषी. 'सौंदर'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. आजोबांना समजलं की नाही देव जाणे, पण दोघांचं चांगलं पंधरा मिनिटं चाललं होतं.

मग स्टोक रो. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने घुमट पाहिला आणि म्हणाली, "देऊळ हाय व्हय?" मी म्हटलं, विहीर आहे. जवळ गेली, रुंदी बघितली. चार फूट. "ही हीर न्हाय. ह्यो आड हाय." गेली दहा वर्षं मी इथे राहते, चार वेळा तिथे जाऊन आलेय, सगळ्यांना 'विहीर' सांगत फिरतेय. तिला दोन मिनिटं लागली.

"किती पुरुस?" पुरुस म्हणजे एका माणसाची उंची, साधारण सहा फूट. मी मनात हिशोब केला, साठच्या वर. ती गप्प झाली. मग म्हणाली, "उतरलेला मानूस वर दिसत बी नसंल."

मी तिला त्या पोराची गोष्ट सांगितली. मला वाटलं, अरेरे म्हणेल. ती म्हणाली, "मग? मार बसायचाच." आणि तिथल्या बाकावर बसून तिने मला बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट सांगितली, जी मी जन्मात ऐकली नव्हती. बारा वर्षांची होती. आजी खडी फोडायच्या कामावर, आई पाण्याला. दोन मैलांवरून कळशी आणली आणि उंबऱ्यात ठेच लागून सांडली. आजीने चिंचेच्या फोकाने मारलं. रात्री कामावरून आणलेली स्वतःच्या वाटची सुकडी मात्र हिच्यापुढे ठेवली आणि तोंड फिरवून झोपली. "त्या पोराच्या आईनं बी कायतरी ठिवलं असंल," आई म्हणाली. "ते कुणी लिवलं नसंल."

तासभर बसलो होतो. डोक्यावर लाल घारी फिरत होत्या. त्या इथून संपल्या होत्या, 1989 पासून स्पेनहून आणून पुन्हा सोडल्या, हे मी तिला सांगत होते आणि ती म्हणे, "आगं घार हाय, तिला काय बघायचं." (तरी बघत होती.)

आता म्हणाल, तो राजा इंग्रजांचा मिंधा होता, सत्तावनला त्यांच्या बाजूने उभा राहिला. होता, नाही म्हणत नाही. आणि त्या विहिरीनंतर बारा वर्षांनी, 1876 ला, आपल्या दख्खनमध्ये माणसं भुकेने मरत होती तेव्हा कुठल्या ऑक्सफर्डशरने आपल्याकडे आड खणला? हे लिहिताना माझंच डोकं तापतंय. त्या गावाबद्दल मात्र मला राग येत नाही. 70 वर्षांहून अधिक काळ तिथल्या बायकांनी तो रहाट फिरवलाय, त्यांचे दंड दुखलेच असतील.

आणि बायबरी सुंदर आहे, मान्य. स्टोनहेंज बघावं, हेही मान्य. कुणाचे आईबाबा धडधाकट असतील, त्यांना सात गावं झेपतही असतील. पण त्यांना विचारलंय का कुणी? की आपल्याला स्टेटसला टाकायचंय म्हणून ते बिचारे कानटोपी घालून एका दगडी घरापुढून दुसऱ्या दगडी घरापुढे उभे राहतायत? सत्तर वर्षांचा माणूस नऊ तास विमानात बसून येतो तो लेकराबरोबर चार घटका बसायला. आपण त्याला मागच्या सीटवर बेल्ट लावून दिवसभर हिंडवतो आणि रात्री वर विचारतो, "मजा आली ना?" काय बोलेल तो? आलीच म्हणणार.

जाऊ दे. जास्त बोलले. ज्याने तो मेसेज टाकला तो वाईट मुलगा नाही, लॉकडाऊनमध्ये आमच्या दारात किराणा ठेवून गेलेला आहे. वाचत असशील तर रागावू नकोस रे. पण त्या अंगठ्यांचं मला खरंच वाईट वाटलं.

आत्ता आईला फोन करून हे सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. हसली. "त्येला काय बोलू नगंस. त्येच्या घरात नळ असंल." मग विचारलं, "त्या बागंत चेऱ्या लागल्या का गं?"

शनिवारी जाऊन बघून येते म्हटलं.