मॅकडोनाल्ड यांचे श्रेय आणि त्यांची जबाबदारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅनडाचे पहिले पंतप्रधान सर जॉन ए. मॅकडोनाल्ड यांच्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : ज्या गृहस्थांनी जून १८६४ मध्ये संघराज्याच्या सूचनेला विरोध केला, ते तीनच वर्षांत संघराज्याचे जनक ठरले, हा निव्वळ संधिसाधूपणा होता, वसाहतींचे एकीकरण वस्तुतः लंडनने आणि रेल्वेच्या धनकोंनी घडवले, त्याला लोकांचा कौल नव्हता, आणि ज्यांच्या कारभारात मूलनिवासी उपाशी मेले, त्यांना ‘शिल्पकार’ म्हणणे हा त्या लोकांचा अपमान आहे. शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मात्र त्याचे उत्तर पहिल्या आक्षेपात दडलेले आहे असे मला वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१८३७-३८ च्या बंडांनंतर ब्रिटिश सरकारने अप्पर (पश्चिमेकडील) आणि लोअर (पूर्वेकडील) कॅनडा एकत्र करून १८४१ मध्ये ‘कॅनडा प्रांत’ बनवला आणि दोन्ही भागांना विधानसभेत समान जागा दिल्या. तेव्हा फ्रेंचबहुल पूर्वेची लोकसंख्या जास्त होती, त्यामुळे समान जागांचा फायदा इंग्रजीभाषक पश्चिमेला झाला. १८६१ पर्यंत चित्र उलटले. पश्चिमेकडे सुमारे चौदा लाख आणि पूर्वेकडे सुमारे अकरा लाख लोक होते, आणि ‘ग्लोब’ वृत्तपत्राचे संपादक जॉर्ज ब्राऊन लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मागत होते. पूर्वेने ते मान्य करणे म्हणजे आपली भाषा, धर्म आणि दिवाणी कायदा बहुमताच्या हाती सोपवणे होते. मंत्रिमंडळे बनत आणि कोसळत राहिली. १४ जून १८६४ रोजी ब्राऊन यांच्या समितीने संघीय रचनेची शिफारस करणारा अहवाल मांडला. त्याला नकार देणाऱ्या मोजक्या सदस्यांत मॅकडोनाल्ड होते, आणि त्याच दिवशी त्यांचे स्वतःचे सरकारही पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या वैऱ्यासोबत, ब्राऊन यांच्यासोबत, एका मंत्रिमंडळात बसले. इथवरचा आपला तपशील बरोबर आहे.

परंतु मॅकडोनाल्ड यांचा विरोध कशाला होता, हे पाहिल्याशिवाय त्यांना संधिसाधू ठरवता येणार नाही. वसाहती एकत्र येण्याला त्यांचा विरोध नव्हता, त्यांना नको होते ते संघराज्य. त्यांना एकच संसद असलेले एकात्म राज्य हवे होते. अमेरिकेतील यादवी युद्धाचे तेव्हा चौथे वर्ष चालू होते, आणि घटकराज्यांना मूळ सार्वभौम मानल्याचे हे फळ आहे, असे त्यांचे ठाम मत होते. या मताला त्यांच्या आयुष्याचाही आधार होता. ग्लासगोत धंदा बुडालेल्या वडिलांबरोबर ते १८२० मध्ये पाच वर्षांचे असताना किंग्स्टनला आले आणि पंधराव्या वर्षी वकिलाच्या हाताखाली काम शिकू लागले. किंग्स्टन हे लष्करी ठाण्याचे गाव होते आणि सरोवराच्या पलीकडे अमेरिका होती. १८३८ मध्ये सीमा ओलांडून आलेल्या हल्लेखोरांवर तिथे लष्करी खटला चालला, तेव्हा त्यांचे एक नेते निल्स फॉन शुल्ट्झ यांना कायद्याचा सल्ला देणारे वकील तेवीस वर्षांचे मॅकडोनाल्ड होते. फॉन शुल्ट्झ फाशी गेले. दक्षिणेकडील शेजाऱ्याची धास्ती आणि दुबळ्या सत्तेविषयीची नावड मॅकडोनाल्ड यांच्या राजकारणात शेवटपर्यंत टिकली.

६ फेब्रुवारी १८६५ रोजी विधानसभेत क्वेबेक ठरावांची, म्हणजे नव्या संघराज्याच्या आराखड्याची, बाजू मांडताना त्यांनी हे लपवून ठेवले नाही. एकात्म राज्यच सर्वोत्तम ठरले असते, पण लोअर कॅनडा ते कधीच मान्य करणार नाही आणि समुद्रकाठच्या वसाहतीही आपली स्वतंत्र ओळख सोडायला तयार नाहीत, म्हणून संघराज्य, असे त्यांनी उघड सांगितले. आणि मग संघराज्याच्या चौकटीतच एकात्म राज्याचा जेवढा भाग बसवता येईल तेवढा त्यांनी बसवला. ऑक्टोबर १८६४ मध्ये क्वेबेक परिषदेत संमत झालेल्या ७२ ठरावांपैकी बहुसंख्यांचा मसुदा त्यांचा होता. प्रांतांना नेमून दिलेल्या विषयांव्यतिरिक्तचे शेषाधिकार केंद्राकडे, फौजदारी कायदा आणि बँका केंद्राकडे, प्रांतांच्या नायब राज्यपालांची नेमणूक केंद्राकडून, आणि प्रांताने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकारही केंद्राला. मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल, कारण आपल्या घटनाकारांसमोरही कॅनडाचा नमुना होता. शेषाधिकार संसदेला देणारा अनुच्छेद २४८ आणि केंद्राने नेमलेले राज्यपाल ही त्याच कुळातील व्यवस्था आहे. संघराज्य स्वीकारताना मॅकडोनाल्ड यांनी आपले मूळ मत सोडले नाही. जॉर्ज-एतिएन कार्तिए नसते तर फ्रेंच कॅनडा सोबत आला नसता आणि ब्राऊन नसते तर कोंडीच फुटली नसती, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. पण त्या रचनेचा कणा मॅकडोनाल्ड यांचा आहे.

लंडन आणि रेल्वेविषयी थोडक्यात. ब्रिटनला संरक्षणाचा खर्च कमी करायचा होता, वसाहत खात्याने राज्यपालांना एकीकरणाच्या बाजूने जोर लावायला सांगितले होते, ग्रँड ट्रंक रेल्वे कर्जात बुडाली होती आणि तिच्या लंडनमधील धनकोंना मोठे, पतदार सरकार हवे होते. अमेरिकेबरोबरचा १८५४ चा व्यापार करारही १८६६ मध्ये संपला. हे सगळे खरे आहे. पण हाच दाब न्यूफाउंडलंडवरही होता आणि ते १९४९ पर्यंत बाहेर राहिले. प्रिन्स एडवर्ड बेटही १८७३ मध्ये, स्वतःच्या रेल्वेच्या कर्जाने गळ्याशी आल्यावरच आले. बाहेरच्या दाबाने एकीकरणाची गरज निर्माण झाली. कोणत्या अटींवर आणि कोणत्या आकाराचे राज्य बनेल, हे मात्र त्या दाबातून ठरत नव्हते.

लोकांच्या कौलाचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो आपण मांडला आहे त्याहून अधिक जोरात मांडायला हवा. नोव्हा स्कोशियात तिथले सरकारप्रमुख चार्ल्स टप्पर यांनी मतदारांना न विचारता वसाहत संघराज्यात नेली. १ जुलै १८६७ ला नवे राज्य अस्तित्वात आले आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत त्या प्रांतातील १९ पैकी १८ जागा एकीकरणविरोधकांनी जिंकल्या. एकटे टप्पर निवडून आले. विरोधकांचे नेते जोसेफ हाऊ लंडनला जाऊन दाद मागून रिकाम्या हाताने परतले. त्यानंतर १८६८ च्या उन्हाळ्यात मॅकडोनाल्ड स्वतः हॅलिफॅक्सला गेले, प्रांतासाठी वाढीव अनुदानाची बोलणी केली आणि जानेवारी १८६९ मध्ये हाऊ त्यांच्या मंत्रिमंडळात दाखल झाले. ही मुत्सद्देगिरी होती, लोकसंमती नव्हे. नोव्हा स्कोशियाच्या लोकांना एकीकरण होण्याआधी त्या प्रश्नावर मत देण्याची संधी मिळालीच नाही. तरीही इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हाऊ यांच्याकडे मते होती, वृत्तपत्र होते, विधानसभा होती, म्हणून पंतप्रधानांना त्यांच्या दारी जावे लागले.

पश्चिमेकडील लोकांकडे यातले काहीच नव्हते, आणि आपला चौथा आक्षेप इथे येतो. नवे राज्य ज्या ब्रिटिश कायद्याने बनले, त्या १८६७ च्या कायद्याच्या कलम ९१ च्या २४ व्या पोटकलमाने ‘इंडियन’ लोक आणि त्यांच्यासाठी राखीव जमिनी हा विषय केंद्राच्या एकट्याच्या अखत्यारीत दिला. ज्यांच्याविषयी हे ठरले, त्यांचा एकही प्रतिनिधी शार्लटटाउन, क्वेबेक किंवा लंडनच्या परिषदेत नव्हता. पुढे हडसन बे कंपनीला तीन लाख पौंड देऊन रुपर्ट्स लँडचा अफाट प्रदेश कॅनडाने घेतला, तोही तिथे राहणाऱ्या क्री, मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक) आणि इतर लोकांना न विचारता. लुई रिएल यांच्या नेतृत्वाखाली रेड रिव्हरला जो प्रतिकार झाला, त्यातून १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत जन्माला आला, पण जुन्या प्रांतांप्रमाणे स्वतःच्या सरकारी जमिनींवर त्याला हक्क मिळाला नाही; तो १९३० मध्ये मिळाला. त्या जमिनी ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, रेल्वेसाठी हव्या होत्या. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन देण्यात आली, ती यातूनच.

आपण मॅकडोनाल्ड यांच्या क्रौर्याबद्दल लिहिता, आणि त्याचे पुरावे त्यांच्याच शब्दांत आहेत. १८७८ पासून पुढे जवळजवळ दशकभर पंतप्रधानपदाबरोबर मूलनिवासी खातेही त्यांच्याकडेच होते. रानगवे संपल्यामुळे मैदानी प्रदेशात दुष्काळ पडला असताना, लोक उपासमारीच्या टोकाला पोहोचेपर्यंत आपले अधिकारी अन्न रोखून खर्च वाचवत आहेत, असे त्यांनी १८८२ मध्ये संसदेत सांगितले. मुलांना आईवडिलांपासून तोडणाऱ्या सरकारी निवासी औद्योगिक शाळा १८८३ नंतर त्यांच्याच सरकारने उघडल्या. चिनी मजुरांनी डोंगर फोडून रेल्वे पुरी करत आणली, आणि त्याच १८८५ साली चिनी आगंतुकांवर ५० डॉलरची डोईपट्टी बसली. त्या नोव्हेंबरात रिएल यांना रेजायनात आणि आठ मूलनिवासी पुरुषांना बॅटलफर्ड येथे फाशी देण्यात आली. यातील एकही गोष्ट सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

पण आपण या साऱ्याला एका वाईट माणसाची कृत्ये म्हणून बाजूला काढता आणि एकीकरणाची कथा वेगळी ठेवता, तिथे माझा मतभेद आहे. १८७६ चा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ मॅकडोनाल्ड यांचा नव्हता. तो त्यांचे विरोधक अलेक्झांडर मॅकेन्झी यांच्या सरकारने केला. शिधावाटपावर मॅकडोनाल्ड फार खर्च करतात, अशी टीका संसदेत लिबरल सदस्यच करत होते. सत्ता कोणाच्याही हाती गेली तरी ते अधिकार केंद्राकडे एकवटलेले होते. प्रांतांनी मात्र हळूहळू आपली सुटका करून घेतली. किंग्स्टनमध्ये मॅकडोनाल्ड यांच्याच हाताखाली वकिली शिकलेले ऑलिव्हर मोवाट १८७२ ते १८९६ ओंटारिओ प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) होते आणि त्यांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, लढून केंद्राची पकड सैल केली. मूलनिवासींना तो मार्ग नव्हता. १९२७ पासून १९५१ पर्यंत तर जमिनीच्या दाव्यांसाठी सरकारी परवानगीशिवाय त्यांच्याकडून पैसे गोळा करणेही कायद्याने मना होते.

शीर्षकातील ‘शिल्पकार’ हा शब्द काढावा, अशी आपली मागणी आहे. किंग्स्टनमधील त्यांचा पुतळा जून २०२१ मध्ये हटवला गेला आणि तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण पुतळा गौरवासाठी उभारलेला असतो. मी तो शब्द गौरवासाठी वापरलेला नाही. तो काढला तर उपासमार, निवासी शाळा आणि डोईपट्टी यांचा कर्ता राहील, पण त्या करता याव्यात अशी सत्ता ज्याने ठराव लिहून, वाटाघाटी करून घडवली तो दृष्टीआड होईल. कलम ९१ चे ते २४ वे पोटकलम आजही कॅनडाच्या राज्यघटनेत कायम आहे. म्हणून मी तो शब्द तसाच ठेवत आहे.