‘जनसुनावणी म्हणजे नुसता खोळंबा’ : युरेनियम खाणींविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

8 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन, म्हणजे प्रशासकीय आदेश, काढले. युरेनियमसारखी अणुखनिजे आणि सरकारने अत्यावश्यक व सामरिक ठरवलेली खनिजे यांच्या खाणींना पर्यावरण मंजुरी घेताना लोकांशी सल्लामसलत करण्याच्या, म्हणजेच जनसुनावणीच्या, टप्प्यातून त्याने वगळले. खाणपट्टा लहान असो वा मोठा, असे सर्व प्रकल्प आता केंद्राच्या पातळीवरच तपासले जातील. तेव्हापासून या निर्णयाच्या समर्थनार्थ एक मांडणी सर्वत्र फिरते आहे. आपले युरेनियम इतके सौम्य आहे की त्यापासून धोका नाही. पर्यावरणाचा अहवाल तज्ज्ञ तपासतातच, त्यात गावकऱ्यांची भर ती काय पडणार. जनसुनावणीमुळे प्रकल्प वर्षानुवर्षे रखडतात. चालू खाणीचा नुसता विस्तार असेल तर पुन्हा विचारायचे कशाला. आणि शेवटी हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, असे त्या मांडणीचे पाच मुद्दे आहेत. अणुऊर्जा हवी की नको, हा या लेखाचा विषय नाही. 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज निर्माण करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठरवले आहे आणि त्यासाठी इंधन लागणार, हे गृहीत धरूनच मी या मुद्द्यांचा विचार करणार आहे.

‘खनिज सौम्य आहे, त्यामुळे धोका नाही.’

यातला पहिला भाग बरोबर आहे. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात तुम्मलपल्ले येथे युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची जी खाण आहे, तिथल्या दगडात युरेनियमचे प्रमाण साधारण 0.04 टक्के आहे. एक टन दगड खणून, दळून, रसायनांतून काढला की हाती लागते फार तर 400 ग्रॅम. अशा दगडाचा तुकडा हातात धरल्याने कोणी आजारी पडत नाही, हे मान्यच आहे. पण खनिज हलक्या प्रतीचे असल्यामुळेच गाळाचे ढीग प्रचंड होतात. 400 ग्रॅम काढून घेतल्यावर उरलेला जवळजवळ सगळा टन बारीक चिखल होऊन प्रक्रियेतील रसायनांसह बाहेर पडतो. त्याला टेलिंग्ज म्हणतात आणि तो ज्या तळ्यात साठवतात त्याला टेलिंग पाँड. काही खाणींमध्ये या गाळाचा जाडसर भाग पुन्हा भुयारात भरतात, परंतु बारीक गाळ तळ्यातच जातो.

या गाळात मूळ दगडातील सुमारे 85 टक्के किरणोत्सार तसाच राहतो, कारण प्रक्रियेत युरेनियम निघून जाते, पण त्याच्या क्षयातून तयार झालेली थोरियम-230 आणि रेडियम-226 ही मूलद्रव्ये मागे उरतात. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ, 1,600 वर्षे आहे, तर थोरियम-230 चे सुमारे 75,000 वर्षे. ऑस्ट्रेलियातील रेंजर खाणीला तिथल्या सरकारने घातलेली अट अशी आहे की टेलिंग्ज किमान 10,000 वर्षे पर्यावरणापासून वेगळी ठेवली गेली पाहिजेत. पर्यावरणाचे मूल्यांकन करायचे असते ते या गाळाचे, त्यातून झिरपणाऱ्या पाण्याचे, उडणाऱ्या धुळीचे आणि रेडॉन वायूचे. त्यामुळे हातात धरलेला दगड निरुपद्रवी आहे, या युक्तिवादाने मूळ प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

झारखंडमधील जादुगोडा येथील युरेनियम खाणीच्या परिसरातल्या लोकांच्या आजारांची छायाचित्रेही याच संदर्भात फिरत असतात. त्या आजारांचा खाणीशी नेमका संबंध किती, यावर डॉक्टरांच्या संघटनेने 2007 साली केलेले सर्वेक्षण एक सांगते आणि सरकारी यंत्रणा दुसरे. माझा युक्तिवाद त्या वादावर अवलंबून नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही.

‘अहवाल तज्ज्ञ तपासतातच.’

तज्ज्ञ मूल्यांकन समिती असते, हे खरे. पण तिच्यापुढे येणारा पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल कोण तयार करते, हे समर्थक सांगत नाहीत. तो प्रकल्प मांडणाऱ्या कंपनीनेच, स्वतःच्या पैशाने नेमलेली सल्लागार संस्था तयार करते. दिल्लीत बसलेल्या समितीला कागदावर जे दिसते त्याचाच विचार करता येतो. कागदात जी विहीर नाही, ती समितीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे आढळले होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल. ती नक्कल उघडकीला आणली ती पर्यावरण कायद्यासाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी.

पर्यावरण मंजुरीची प्रक्रिया ठरवणाऱ्या 2006 च्या अधिसूचनेने जनसुनावणीचा टप्पा नेमका कुठे ठेवला आहे, हे पाहिले की त्याचे प्रयोजन कळते. अहवालाचा मसुदा आधी तयार होतो. त्याचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. 30 दिवसांची सूचना देऊन, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली, चित्रीकरण करून सुनावणी होते. आणि तिथे उपस्थित झालेल्या मुद्द्यांना उत्तर देऊन कंपनीला अंतिम अहवाल सुधारून द्यावा लागतो. संपूर्ण प्रक्रियेत कंपनीने स्वतः पुरवलेली नाही अशी माहिती शिरण्याची ही जवळजवळ एकमेव अधिकृत वाट आहे. ज्ञापनाने सभेबरोबर लेखी हरकती मागवण्याची तरतूदही गेली, कारण दोन्ही मिळूनच सल्लामसलतीचा टप्पा बनतो.

अणुऊर्जा नियामक मंडळ आहेच, असाही एक उपमुद्दा यात जोडला जातो. त्या मंडळाच्या स्वायत्ततेवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 साली गंभीर आक्षेप घेतले होते. पण तो प्रश्न बाजूला ठेवला तरी या मंडळाचे काम मुख्यतः किरणोत्सारापासूनच्या सुरक्षेचे आहे. बोअरवेलचे पाणी खारे झाले, जमीन चोपण झाली, चराऊ रान गेले, हे त्याच्या कक्षेत येत नाही.

‘जनसुनावणीमुळे प्रकल्प रखडतात.’

या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीचा अर्ज आल्यापासून 45 दिवसांत सुनावणी पूर्ण करून कार्यवृत्त पाठवायचे, असे अधिसूचनाच सांगते, आणि मंडळाने चालढकल केली तर ते काम दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवण्याची सोयही तीत आहे. सुनावणीत मतदान होत नाही, गणपूर्तीची अट नाही, आणि हजर असलेल्या प्रत्येकाने विरोध केला तरी मंजुरी देण्याचा सरकारचा अधिकार अबाधित राहतो. मेघालयातील डोमियासियात भागातल्या युरेनियम प्रकल्पाची सुनावणी जून 2007 मध्ये झाली आणि खासी संघटनांचा तीव्र विरोध असतानाही त्याच वर्षी पर्यावरण मंजुरी मिळाली. तो प्रकल्प आजही उभा राहिलेला नाही, पण त्याचे कारण सुनावणी नाही. आपले म्हणणे ऐकूनही विचारात घेतले गेले नाही, असे जिथे लोकांना वाटते तिथला विरोध सुनावणी रद्द केल्याने कसा संपेल?

ऑस्ट्रेलियातील ऑलिम्पिक डॅम हा जगातील सर्वांत मोठा ज्ञात युरेनियमसाठा. तिथल्या खाणीच्या प्रचंड विस्ताराचा पर्यावरणविषयक मसुदा 2009 साली लोकांपुढे ठेवण्यात आला. स्पेन्सर आखातात समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभारला तर तिथल्या कटलफिशच्या विणीवर काय परिणाम होईल, इथपर्यंत चर्चा झाली, कंपनीला पुरवणी अहवाल द्यावा लागला आणि ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र व राज्य अशा दोन्ही सरकारांनी मंजुरी दिली. पुढे ऑगस्ट 2012 मध्ये तो विस्तार गुंडाळला तो बीएचपी या कंपनीनेच, बाजाराची स्थिती आणि भांडवली खर्च ही कारणे देऊन.

‘विस्तारच तर आहे, पुन्हा विचारायचे कशाला?’

मला यातला सर्वांत चुकीचा मुद्दा हाच वाटतो. नवी खाण असेल तेव्हा गावकरी आणि तज्ज्ञ दोघेही अंदाजच बांधत असतात. विस्तार असतो तेव्हा मात्र आधीच्या खाणीचा प्रत्यक्ष अनुभव समोर असतो, आणि तो सर्वांत जवळून ज्यांनी घेतलेला असतो ते लोक कुंपणापलीकडेच राहत असतात.

तुम्मलपल्लेचेच पाहा. दिवसाला 3,000 टन खनिजावर प्रक्रिया करण्याची तिथली क्षमता 4,500 टनांवर नेण्याचा प्रस्ताव आहे. म्हणजे रोज तळ्यात पडणारा गाळ दीडपट होणार. तिथला दगड चुनखडीच्या जातीचा असल्यामुळे आम्ल न वापरता सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या द्रावणात युरेनियम विरघळवतात. साहजिकच गाळाबरोबर येणाऱ्या पाण्यात सोडियम भरपूर असते. ते पाणी जमिनीत गेले तर काय होते, हे आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागणार नाही : मातीचे कण सुटे होतात, वर पांढरा पापुद्रा धरतो, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते.

टेलिंग पाँड के. के. कोट्टाल या गावाजवळ आहे. त्या गावातील, तसेच कनमपल्ले, मब्बुचिंतलपल्ले या शेजारच्या गावांतील शेतकरी अनेक वर्षे सांगत होते की बोअरवेलच्या पाण्याची चव आणि रंग बदलला आहे, केळीच्या बागा वाळत आहेत, अंगाला खाज सुटते. कंपनीने खाणीमुळे प्रदूषण झाल्याचे नाकारले. परंतु 2018 साली आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला जी कारणे दाखवा नोटीस बजावली, तिच्यात तळ्याच्या तळाला ठरल्याप्रमाणे अस्तर घातलेले नाही, हाच आक्षेप होता. अस्तर घालण्याची अट कागदावर आधीपासून होती. अट पाळली गेली की नाही, हा प्रश्न मात्र ऐरणीवर आला तो शेतकऱ्यांच्या तक्रारींमुळे. विस्ताराचे मूल्यांकन करताना समितीला उपयोगी पडेल अशी यापेक्षा महत्त्वाची माहिती कोणती असू शकते?

जादुगोडातही हेच घडले होते. डिसेंबर 2006 मध्ये युरेनियमचा दगड दळणाऱ्या गिरणीतून टेलिंग पाँडकडे गाळ वाहून नेणारा नळ डुंगरीडीह गावाजवळ फुटला आणि कित्येक तास तो गाळ ओढ्यात वाहत राहिला. नळ फुटल्याचे गावकऱ्यांनी पाहिले आणि त्यांनी कळवल्यावर तो बंद झाला. अशा ठिकाणी दुसरा नळ, दुसरे तळे प्रस्तावित असेल तेव्हा त्या ओढ्याकाठच्या माणसाला व्यासपीठासमोर उभे राहून हे सांगता आले पाहिजे, त्याचे म्हणणे कार्यवृत्तात नोंदले गेले पाहिजे आणि कंपनीला त्याचे लेखी उत्तर देणे भाग पडले पाहिजे. नव्या व्यवस्थेत यातले काहीच बंधनकारक राहिलेले नाही.

‘हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.’

सामरिक कारणासाठी एखादा प्रकल्प सल्लामसलतीतून वगळण्याची तरतूद 2006 च्या अधिसूचनेत पहिल्यापासूनच होती. ती असतानाही युरेनियमच्या खाणींसाठी सुनावण्या होत आल्या, आणि त्यामुळे देशाचे कोणते गुपित फुटले, हे समर्थकांनी दाखवून दिलेले नाही. फुटण्यासारखे त्यात असतेही काय? तळ्याला अस्तर कोणते, निरीक्षण विहिरी किती, पाण्यातील युरेनियम आणि सोडियमचे मोजमाप कोण आणि किती वेळा करणार, खाण बंद झाल्यावर गाळाची राखण कोणाच्या खर्चाने होणार, हे सुनावणीत विचारले जाणारे प्रश्न आहेत. शुद्ध युरेनियम पुढे कुठे जाते, हे तिथे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

शिवाय ही सूट युरेनियमपुरती नाही. अणुखनिजांच्या सूचीत समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतील इल्मेनाइट, झिरकॉन, मोनाझाइट ही खनिजेही आहेत, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटचे साठे आहेत. त्या वाळूसाठी उद्या खाणीचा प्रस्ताव आला तर तिथल्या मच्छीमारांना आणि आंबा बागायतदारांनाही याच ज्ञापनानुसार हरकत नोंदवण्याचा टप्पा मिळणार नाही. अधिसूचनेत बदल करायचा तर सर्वसाधारणपणे मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ज्ञापनाला त्याची गरज पडली नाही. सुरक्षेचे कारण खरोखरच असेल तर ते प्रकल्पागणिक तपासता येते, आणि नेमका कोणता तपशील गोपनीय आहे हे ठरवून तेवढाच झाकता येतो. सबंध खनिजसूचीला एका फटक्यात सूट देण्याचे समर्थन त्यातून होत नाही.