एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या बोस्टन शहरात इंग्रज सैनिकांनी केलेल्या गोळीबाराच्या जुन्या चित्राची रिप्रिंट "खोटी" आहे कारण घटना रात्रीची आणि आकाश निळं, शिवाय लाल रंग साइटवरच्या फोटोसारखा नाही, आणि सोबत घेतलेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या सचित्र साप्ताहिकाच्या जुन्या पानावर पांढऱ्या रेघा आहेत म्हणजे माल खराब.

आधी आमची चूक. लिस्टिंगमध्ये "घटनेचं हुबेहूब चित्र" असं लिहिलं होतं, ते साफ चुकीचं, काल काढून टाकलं.

आता चित्राचं. 5 मार्च 1770, रात्री नऊच्या सुमाराची गोष्ट, रस्त्यात बर्फ, जमाव शिव्या देतोय, सैनिकांवर बर्फाचे गोळे फेकतोय, शेवटी गोळ्या सुटल्या आणि पाच माणसं गेली. बोस्टनच्याच पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने महिना संपायच्या आत तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून विकायलाही काढलं, आणि त्यात जमाव अगदी गरीब गाय, सैनिक रांगेत उभे राहून एकदम बार काढतायत, मागे त्यांचा कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम सोडतोय. (हाच प्रेस्टन त्याच वर्षी कोर्टात निर्दोष सुटला.) उजवीकडे सैनिकांच्या डोक्यावरची पाटी भिंग लावून बघा, "बुचर्स हॉल", म्हणजे खाटीकखाना! इमारत कस्टम हाऊसची, म्हणजे जकात कचेरीची हो. लोकांना इंग्रजांविरुद्ध पेटवायचं होतं, तिथे आकाशाच्या रंगाचं कोणाला पडलंय. वर कल्पनाही रिव्हिअरची नाही, हेन्री पेलम या चित्रकाराचं चित्र उचललेलं, आणि पेलमने पत्र लिहून सुनावलं की ही तर वाटमारी झाली. मला तर ही प्रिंट या लबाडीसाठीच आवडते, पण ते लिस्टिंगमध्ये लिहायला हवं होतं.

लाल रंग तेव्हा छापत नसत, काळी छपाई झाली की हाताने भरायचे, त्यामुळे मूळ प्रतींतही एकसारखा नाही. तरी आमचा फोटो भडक आलाय, मान्य.

पांढऱ्या रेघांचं मात्र ऐकणार नाही. तेव्हा या पानांवरची चित्रं बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरून छापायचे. त्याचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी छोटे ठोकळे बोल्टने जोडायचे, चित्र काढून झालं की सुटे करून एकेक ठोकळा वेगवेगळ्या कारागिरांकडे, कोरून झाले की परत जोडायचे, आणि जोड घट्ट बसला नाही की छपाईत पांढरी रेघ. अंक वेळेवर काढायची घाईच तेवढी. या साप्ताहिकाच्या 14 मे 1842 च्या पहिल्या अंकात हॅम्बुर्गच्या आगीचं चित्र आहे, ते तर शहराच्या जुन्या चित्रावर ज्वाळा चढवून केलेलं!

तर रिप्रिंट परत पाठवा, कुरिअर आमच्या खर्चाने, पूर्ण पैसे मिळतील. पानाच्या रेघेवर आधी पट्टी ठेवून बघा, सरळ असेल तर जोडाची. वाकडीतिकडी निघाली तर कागद चिरलाय, मग तेही पाठवा.