इच्छुक मुक्तिदात्यांसाठी काही सूचना

राज्यकर्त्याचा काटा काढायचं पक्कं झालं असेल, तर खंजिराचं शेवटी बघू. आधी कारणाचं बघा. तुमच्याजवळ कारण आहेच, त्याशिवाय का तुम्ही इथवर आलात! पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, म्हणून दुसरं शोधायचं. इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्चला ज्युलियस सीझरवर तुटून पडलेल्या मंडळींनी या कामाचा वस्तुपाठच घालून दिला आहे. कटात साठाहून जास्त माणसं होती. बाहेर सांगायचं कारण एकच, स्वातंत्र्य. पोटातली कारणं ज्याची त्याची.

कटाच्या म्होरक्यांपैकी कॅशियसकडून शिका. रोम शहराच्या प्रेटरचं, म्हणजे न्यायदानातलं सर्वांत मानाचं पद त्यालाही हवं होतं आणि ब्रुटसलाही. कॅशियसची बायको ब्रुटसची बहीण, म्हणजे भांडण घरातलंच. सीझरने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कॅशियसची बाजू जास्त रास्त आहे, पण पद ब्रुटसला देऊ या. कॅशियसची बोळवण दुसऱ्या प्रेटरपदावर झाली. मिळालेल्या पदाबद्दल माणूस ऋणी राहतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला अजून बरंच राजकारण बघायचं आहे. त्यात ते सिंह. उत्सवातल्या खेळांसाठी कॅशियसने जमवलेले सिंह मेगारा शहरात ठेवले होते. सीझरच्या सैन्यापुढे शहर पडलं आणि सीझरने ते खुशाल स्वतःकडे ठेवून घेतले. सिंहांपायी कट झाला असं म्हणणारे चुकतात, असं चरित्रकार प्लूटार्क आवर्जून बजावतो. आपल्या चरित्रकाराकडून तुम्हीही असं एक वाक्य लिहून घ्या.

कटातला गाल्बा तर गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, युद्धात सीझरच्याच हाताखाली लढलेला. त्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, व्हायचं होतं, ते जमलं नाही. एवढंही पुरतं.

खरं दुखणं मात्र याहून खोल होतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. कॉन्सलपदासाठी रोममधली घराणी पिढ्यानपिढ्या खस्ता खात, कर्ज काढून खेळ भरवत, मतं विकत घेत. सीझरने काय केलं? इ.स.पू. ४५ च्या ३१ डिसेंबरला एक कॉन्सल वारला, तेव्हा उरलेल्या दिवसापुरता कॅनिनियस रेबिलस नावाच्या गृहस्थाला त्याच्या जागी बसवलं. याच्या कारकिर्दीत कुणी जेवलं नाही, आणि हा कॉन्सल इतका जागरूक की पदावर असताना त्याचा डोळाच लागला नाही, असं वक्ता सिसेरोने मित्राला पत्रात लिहिलं. हसला, पण पुढे लिहितो की तू इथे असतास तर तुला रडू आलं असतं. पूर्वेकडच्या पार्थिया राज्यावर स्वारीला निघण्यापूर्वी सीझरने पुढच्या काही वर्षांची पदंही वाटून टाकली होती. ज्या बाजारात आपण आयुष्यभर बोली लावली, तो एका माणसाने बंद करून माल फुकट वाटायला घेतला, तर संताप होणारच. पण ‘आम्हाला पूर्वीसारखी मतं विकत घेऊ द्या’ ही काही घोषणा नाही. स्वातंत्र्य म्हणा. चार अक्षरी घोषणाही हवी असेल, तर ‘राजा नको’ म्हणायलाही हरकत नाही. त्याचे पुरावे सीझर स्वतःच पुरवत होता. फेब्रुवारीत तहहयात डिक्टेटर झाला, सिनेट सन्मानांचे ठराव घेऊन आली तर बसल्या जागेवरून उठला नाही.

आता चेहरा हवा, आणि तो धुतल्या तांदळासारखा हवा. त्यासाठी ब्रुटस. त्याच्या पूर्वजाने राजाला रोममधून हाकललं होतं, म्हणून लोक त्याच्या आसनावर ‘ब्रुटस, झोपलास का?’ असं लिहून ठेवत. सायप्रसमधल्या सालामिस शहराला त्याने ४८ टक्के व्याजाने दिलेलं कर्ज तेवढं कुणाला आठवू देऊ नका. वसुलीला गेलेल्या त्याच्या माणसाने घोडेस्वार लावून तिथल्या नगरसभेलाच वेढा घातला आणि पाच सभासद उपाशी मेले. तेही स्वातंत्र्याच्याच दृष्टीने महत्त्वाचं असावं, कर्ज देणाऱ्याच्या.

साथीदार शक्यतो उपकृतांतले निवडा. यादवी युद्धात सीझरने जिंकलेल्या फार्सालसच्या लढाईनंतर, विरुद्ध बाजूला असलेल्या ब्रुटस आणि कॅशियस दोघांना सीझरनेच माफ केलं होतं. शत्रूचा मार सोसतो, पण त्याने दिलेलं जीवदान रोज सकाळी आरशात दिसतं. डेसिमस ब्रुटस या कटातल्या दुसऱ्या ब्रुटसचं नाव तर सीझरच्या मृत्युपत्रात होतं. त्या सकाळी सीझर घराबाहेर पडायला तयार नव्हता, तेव्हा त्याला समजावून घेऊन आला तो हाच.

प्रत्यक्ष काम फार नाही. टिलियस सिंबर भावाच्या शिक्षेबद्दल अर्ज घेऊन पुढे झाला, त्याने सीझरचा टोगा, म्हणजे अंगावरचं वस्त्र, ओढला, कास्काने मागून पहिला वार केला. नंतर इतकी झोंबाझोंबी झाली की मुक्तिदात्यांनी एकमेकांनाच जखमा केल्या. ब्रुटसच्याही हाताला लागलं. सीझरच्या अंगावर २३ घाव मोजले गेले, त्यातला एकच जिवावर बेतणारा होता, असं वैद्य अँटिस्टियसचं मत. बाकीचे बावीस हजेरीपटावरच्या सह्या समजा.

खरी कसोटी दोन दिवसांनी येते. १७ मार्चला सिनेट बसली आणि सीझरचा साथीदार अँटनीने साधा मुद्दा मांडला: सीझर जुलमी होता असं ठरवलं, तर त्याने केलेल्या सगळ्या नेमणुका रद्द होतील. सभागृहाचा नूर पालटला. मारणाऱ्यांना माफी मिळाली आणि सीझरचे सगळे निर्णयही कायम राहिले. डेसिमसला सीझरने आल्प्सच्या अलीकडचा, इटलीच्या बाजूचा गॉल नेमून दिला होता, तो तिकडे रवाना झाला. कटातल्याच ट्रेबोनियसला आशिया प्रांत दिला होता, तो तिकडे गेला. तेव्हा कुणाला संपवण्याआधी त्याच्याकडून नेमणुकीचे कागद घेऊन ठेवायला विसरू नका.

आणि नाणं पाडा. जिवंतपणी नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला, हा सीझरवरचा मोठा आक्षेप. पुढे सैन्याच्या पगारासाठी ब्रुटसने नाणं पाडलं, त्यावर एका बाजूला दोन खंजीर, मधे गुलामीतून सुटलेल्याची टोपी आणि खाली त्या दिवसाची तारीख आहे. दुसऱ्या बाजूला ब्रुटस स्वतः आहे. साचा करायला बसाल तेव्हा तोंड उजवीकडे ठेवा, त्यानेही तसंच ठेवलं आहे.