हेकारीचे विजेतेपद आणि सोडतीचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ओशनिया चॅम्पियन्स लीग या क्लब फुटबॉल स्पर्धेच्या 2009-10 च्या हंगामावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना थोडा राग आला आणि दुसऱ्यांदा वाचताना आपल्या दोन आक्षेपांपुढे मान तुकवावी लागेल हे लक्षात आले, म्हणून चार ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी हे लांबलचक उत्तर लिहीत आहे. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : पापुआ न्यू गिनीच्या हेकारी युनायटेड या क्लबने त्या हंगामाच्या अंतिम लढतीत न्यूझीलंडच्या वाईताकेरे युनायटेडला दोन सामन्यांत मिळून 4-2 असे हरवले, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या बाहेर हा चषक प्रथमच गेला. मी त्याला ‘बेटांचा पहिला विजय’ म्हटले होते. आपले म्हणणे असे की हा विजय गट ठरवणाऱ्या सोडतीच्या कृपेने मिळाला, संघात उसने खेळाडू होते, अबुधाबीतील क्लब विश्वचषकात त्याचे पितळ उघडे पडले, आणि मी उगाच गरीब बेटवाल्यांची परीकथा रंगवली.

सोडतीचा मुद्दा आधी घेतो, कारण आपण सर्वांत जास्त शब्द त्यावर खर्च केले आहेत आणि वस्तुस्थिती आपण अचूक मांडली आहे. त्या हंगामात आठ क्लब दोन गटांत विभागले होते. एका गटात वाईताकेरे युनायटेड, गतविजेता ऑकलंड सिटी, न्यू कॅलेडोनियाचा माजेंटा आणि ताहितीचा मानू-उरा होते, तर दुसऱ्यात हेकारी, फिजीचा लाउटोका, व्हानुआटूचा ताफेआ आणि सॉलोमन बेटांचा मारिस्ट. प्रत्येक गटातील फक्त अव्वल क्लब अंतिम लढतीत जाणार होता, मध्ये उपांत्य फेरी नव्हती. म्हणजे न्यूझीलंडचे दोन बलाढ्य क्लब एकमेकांच्या जिवावर उठणार आणि दुसऱ्या गटातून मेलनेशियाचा, म्हणजे पापुआ न्यू गिनी ते फिजी या बेटपट्ट्यातला, एक क्लब अंतिम लढतीत पोहोचणार, हे पहिला चेंडू लाथाडण्यापूर्वीच ठरले होते. पुढे रचना बदलली तेव्हा 2013, 2015, 2016 आणि 2017 या चारही वर्षी अंतिम सामना न्यूझीलंडच्याच दोन क्लबांत झाला, हे आपल्या बाजूचे पुरावे आपण दिले नव्हते, ते मी देतो. हेकारी अंतिम लढतीत पोहोचला यात रचनेचा मोठा वाटा होता, हे मला मान्य आहे.

पण ही रचना फक्त हेकारीसाठी केलेली नव्हती. त्याआधीच्या तिन्ही स्पर्धांतही न्यूझीलंडचे क्लब एकाच गटात होते आणि तिन्ही वेळा बेटांवरील एका क्लबला अंतिम लढतीचे दार असेच उघडे मिळाले होते. 2007 मध्ये फिजीचा बा आला. त्याने घरच्या मैदानावर वाईताकेरेला 2-1 असे हरवले, ऑकलंडमध्ये 0-1 ने हरला, आणि बरोबरी होऊनही परक्या मैदानावर केलेल्या गोलच्या नियमाने (एकूण गोल सारखे असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो) चषक वाईताकेरेकडे गेला. 2008 मध्ये सॉलोमन बेटांचा कोसा आला. राजधानी होनियारात 3-1 ने जिंकून तो ऑकलंडला गेला आणि तिथे 0-5 असा कोसळला. 2009 मध्ये सॉलोमनचाच कोलोआले आला, तर ऑकलंड सिटीने त्याच्या घरी जाऊन 7-2 असा धुव्वा उडवला. म्हणजे सोडतीने एकाच प्रकारचे दान सलग चार वर्षे टाकले, तीन वर्षे ते वाया गेले आणि चौथ्या वर्षी फळले. सोडत चारही वेळा सारखीच असेल, तर चौथ्या वेळच्या निकालाचे कारण सोडतीत सापडणार नाही. ते दुसरीकडे शोधावे लागेल, आणि मूळ लेखात मी ते नीट शोधले नव्हते, हा खरा दोष आहे.

त्याआधी अंतिम लढत थोडी जवळून पाहू. 17 एप्रिल 2010 रोजी पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत, हेकारीने 3-0 असा विजय मिळवला. आपण म्हणता की उष्ण, दमट हवेत दमलेल्या पाहुण्यांना कोणीही हरवेल. तशीच हवा होनियारातही असते, तरी ऑकलंड सिटीने तिथे आदल्या वर्षी सात गोल केले होते. शिवाय माझ्या दृष्टीने त्या 3-0 मधील महत्त्वाचा आकडा तीन नव्हे, शून्य आहे. बाने घरी एक गोल खाल्ला होता आणि त्याच एका गोलने त्याचा चषक गेला. कोसानेही घरी एक खाल्ला होता. हेकारीने एकही खाल्ला नाही. त्यामुळे 2 मे रोजी ऑकलंडमध्ये परतीच्या सामन्याला वाईताकेरे उतरला तो नुसती बरोबरी साधण्यासाठीही तीन गोलांची गरज घेऊन. त्यात हेकारीने तिथे एक गोल केला आणि हिशेबच बदलला : आता चार गोल करूनही 4-4 अशा बरोबरीत परक्या मैदानावरील गोल हेकारीच्याच नावावर राहणार होता, म्हणजे वाईताकेरेला पाच हवे होते. सामना वाईताकेरेने 2-1 असा जिंकला आणि चषक गमावला. तीन वर्षांपूर्वी ज्या नियमाने या क्लबला बाच्या नाकावर टिच्चून चषक मिळवून दिला होता, तोच नियम या वेळी त्याच्याच छातीवर बसला होता. क्रिकेटमध्ये पहिल्या डावाची आघाडी घेऊन रणजी सामने वाचवणाऱ्या आपल्या लोकांना या हिशेबातील गोडी वेगळी समजावून सांगायला नको.

आता उसन्या खेळाडूंचा आक्षेप. माझ्या मते आपला सर्वांत चुकीचा मुद्दा हाच आहे, पण त्याने मला सर्वांत अधिक विचार करायला लावला. हेकारीच्या संघात सॉलोमन आणि फिजीचे खेळाडू होते हे खरे आहे. सॉलोमनचा अलिक माएमाए हे त्यातील ठळक नाव. केमा जॅक, डेव्हिड मुटा आणि कोरिआक उपाइगा हे मात्र पापुआ न्यू गिनीचेच. पण उसने खेळाडू हा दोष मानायचा, तर तो आधी वाईताकेरेला लावावा लागेल. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन गोल करून 2-2 अशी बरोबरी साधून देणारा सॉलोमनचा कॉमिन्स मेनापी पुढे वाईताकेरेकडून खेळला. फिजीतील लाबासाचा रॉय कृष्णा 2008 पासून त्याच क्लबकडे होता. कृष्णाचे नाव आपल्याकडील वाचकांना परके नाही : 2021 च्या मार्च महिन्यात फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबई सिटीने ज्या एटीके मोहन बागानला 2-1 असे हरवले आणि बिपिन सिंगच्या 90 व्या मिनिटाच्या गोलने मुंबईला पहिल्यांदा आयएसएलचा चषक मिळाला, त्या मोहन बागानच्या आक्रमणाचा कणा हाच कृष्णा होता.

म्हणजे बेटांवरील उत्तम खेळाडू बाहेर जात होतेच, प्रश्न फक्त दिशेचा होता. वर्षानुवर्षे होनियारा आणि फिजीतून निघालेली वाट ऑकलंडला जात असे, आणि ती वाट सरळही नव्हती. 2007 मध्ये फिजीचा गोलरक्षक सिमिओने तमानिसाऊ याला न्यूझीलंडने व्हिसा नाकारला. फिजीत 2006 च्या डिसेंबरात लष्कराने सत्ता घेतल्यानंतर लष्करातील लोकांवर आणि त्यांच्या नातलगांवर जे निर्बंध लादले गेले, त्यात हा गोलरक्षक होणाऱ्या सासऱ्यामुळे सापडला. परिणामी विश्वचषक पात्रता फेरीचा सामनाच पुढे ढकलावा लागला. एका गोलरक्षकाच्या सोयरिकीवरून आंतरराष्ट्रीय सामना अडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. अशा परिस्थितीत पोर्ट मोर्सबीतील एका क्लबने सॉलोमन आणि फिजीच्या खेळाडूंना पगार देऊन आपल्याकडे बोलावले, म्हणजे ऑकलंडला जाणारी ती वाट मध्येच वळवली. पापुआ न्यू गिनीतील टोक पिसिन भाषेत ‘वांटोक’ असा शब्द आहे. शब्दशः अर्थ एका बोलीचा माणूस, पण वापर आपल्या ‘गाववाला’ या शब्दासारखाच, त्यातील हक्क आणि ओझे दोन्हींसकट. आठशेहून अधिक भाषांच्या त्या देशात वांटोक नसलेल्या माणसाला संघात घेणे ही साधी गोष्ट नाही. बा, कोसा आणि कोलोआले यांच्या अपयशानंतर हेकारीला यश का मिळाले याचे मला सापडलेले उत्तर हे आहे : बेटांवरील एका क्लबने पहिल्यांदा अनेक बेटांतून संघ उभारला.

आपण गोव्याच्या डेंपो या फुटबॉल क्लबचे जुने समर्थक आहात असे प्रतिक्रियेतच लिहिले आहे, म्हणून एवढे विचारतो. त्याच 2009-10 च्या हंगामात डेंपोने आय-लीग ही भारतातील तेव्हाची अव्वल लीग जिंकली, आर्मांडो कोलासो यांच्या मार्गदर्शनाखाली आणि नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सच्या गोलांच्या जोरावर. ते विजेतेपद गोव्याचे नव्हते, असे आपण कधी म्हणाल काय?

अबुधाबीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे फार सांगण्यासारखे नाही. 8 डिसेंबर 2010 रोजी क्लब विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात यजमान देशाच्या अल वहदाने हेकारीला 3-0 असे हरवले आणि हेकारी सातव्या क्रमांकावर राहून परतला. यावरून त्याची ‘खरी पातळी’ कळली, असे आपण म्हणता. मग 2006 मध्ये ऑकलंड सिटी 0-2 आणि 0-3 असे दोन्ही सामने हरला, 2007 मध्ये वाईताकेरे 1-3 आणि 2008 मध्ये 1-2 असा हरला, तेव्हा त्यांची पातळी कळली नव्हती का? 2009 मध्ये ऑकलंड सिटीने दोन सामने जिंकून पाचवे स्थान मिळवले, हा सन्माननीय अपवाद. बाकी ओशनियाच्या विजेत्याने त्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरावे, हा त्या काळचा जवळजवळ शिरस्ताच होता. हेकारीने तो मोडला नाही, एवढेच म्हणता येईल.

आता माझ्या चुका. पहिली पैशाची. मी हेकारीचे चित्र ‘साधनहीन’ क्लब असे रंगवले होते आणि आपण त्यावर नेमके बोट ठेवले आहे. क्लबच्या नावाआधी लागणारी पीआरके ही अक्षरे पापुआ न्यू गिनीतील कुटुबूच्या खनिज तेलाशी निगडित प्रायोजकाची होती, आणि सॉलोमन-फिजीहून खेळाडू आणणे फुकट होत नाही. वर ज्याला मी वाट वळवणे म्हटले, ते पैशाशिवाय झालेच नसते. साधनहीन होता तो क्लब नव्हे, तर त्याच्या देशातील फुटबॉल : 2010 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पापुआ न्यू गिनीचा राष्ट्रीय संघ उतरलाच नव्हता, आणि लोकांचे प्रेम तर तिथे रग्बी लीगवर. ज्या देशाचा राष्ट्रीय संघ मैदानात दिसत नव्हता, त्याचा क्लब खंडाचा विजेता झाला. ‘क्लब’ आणि ‘देश’ या दोन शब्दांतील हे अंतर मी लेखात पुसून टाकले होते.

दुसरी चूक शब्दाची. ‘बेटांचा पहिला विजय’ यावर न्यूझीलंड काय डोंगरावर आहे का, असा टोमणा आपण मारलात, तो बरोबर बसला. न्यूझीलंड हेही बेटांचेच राष्ट्र, आणि पापुआ न्यू गिनी हा 2011 च्या जनगणनेनुसार 72 लाखांहून अधिक लोकांचा देश, म्हणजे लोकसंख्येत न्यूझीलंडहून मोठा. चिमुकल्या बेटाने बलाढ्य शेजाऱ्याला लोळवले, असे वाक्य तिथे शोभत नाही. ते शोभले असते 2019 मध्ये, जेव्हा न्यू कॅलेडोनियातील ह्यँगेन या तीन हजारांहून कमी वस्तीच्या गावाच्या क्लबने अंतिम सामन्यात माजेंटाला 1-0 असे हरवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोहामध्ये झावी प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल सद्दला जादा वेळेपर्यंत झुंजवले. पण न्यू कॅलेडोनिया फ्रान्सच्या ताब्यात आहे, त्यामुळे न्यूझीलंड वगळता प्रशांत महासागरातील सार्वभौम बेटराष्ट्राकडे हा चषक नेणारा क्लब 2025 च्या स्पर्धेपर्यंत तरी हेकारी हा एकटाच राहिला. त्या वर्षी हेकारी होनियारात पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला होता. या वेळी ऑकलंड सिटीने त्याला 2-0 असे हरवले, आणि तोच ऑकलंड सिटी पुढे अमेरिकेतील क्लब विश्वचषकात बायर्न म्युनिककडून दहा गोल खाऊन, शेवटच्या सामन्यात बोका ज्युनियर्सशी 1-1 अशी बरोबरी साधून आला.

मूळ लेखातील ‘साधनहीन’ हा शब्द मी आज काढला आहे, मथळ्यातील ‘बेटांचा’ या शब्दाच्या जागी ‘मेलनेशियाचा’ असे केले आहे आणि बदलाची तारीख खाली नोंदवली आहे. बा, कोसा आणि कोलोआले यांच्या तीन अंतिम लढतींचा एक परिच्छेदही जोडला आहे. सोडतीबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.