‘आधी स्वतः शिका’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) डिझाइन नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीचे बोर्ड तरी ऑटोराउटर, म्हणजे जोडण्या आपोआप आखणारा प्रोग्रॅम, न लावता, ट्रेस म्हणजे तांब्याच्या जोडरेघा स्वतः ओढून करावेत. त्यावर एक कमेंट आली, ती जशीच्या तशी देते, नाहीतर मी सोयीचं तेवढं उचललं असं व्हायचं.

"भाऊ, ट्रेस हाताने ओढत बसणं ही हौस आहे, शिकणं नाही. ऑटोराउटर तेच काम दोन मिनिटांत करतो. सगळीकडे ०.२५ मिलिमीटर रुंदी सांगितलीत, त्यातून एक ॲम्पिअर कसा नेणार? काटकोनी वळणांची भीतीही फुकटची. स्क्रीनशॉट जुन्या व्हर्जनचे. आधी स्वतः शिका, मग लोकांना शिकवा."

पहिलं म्हणजे मी भाऊ नाही, ताई म्हणा हवं तर. नाव वर मोठ्या अक्षरात आहे, लेखाआधी तेवढं वाचलं असतं तरी चाललं असतं.

स्क्रीनशॉट जुने आहेत हे मात्र मान्य, कीकॅडची (मी वापरते त्या पीसीबी डिझाइनच्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती टाकली की ते बदलते मी.

आता ते शेवटचं वाक्य. मुद्दा पटला नाही तर नाही म्हणा, मी काही कुणाला बांधून ठेवलेलं नाही, पण "आधी स्वतः शिका" हा काय सूर झाला? माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नाही, पोटापाण्याला हिशेबाचं काम करते, आणि हे मी कधी लपवलेलं नाही. पण लेसर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवायची, ट्रेस तुटला तिथे मार्करने रेघ मारायची, मग नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड हलवत उभं राहायचं आणि शेवटी ०.८ मिलिमीटरचा ड्रिल बिट नेमका शेवटच्या भोकाला मोडायचा, हे सगळं करून आलेय मी. बाथरूमच्या फरशीवरचे तपकिरी डाग अजून गेलेले नाहीत. तेव्हा शिकण्याबद्दल मला कुणी सांगताना जरा जपून.

बरं, "हौस आहे, शिकणं नाही". हौसच आहे हो, हौशी लोकांसाठीच तर लिहिलंय! पण शिकणं नाही हे कुठून काढलंत? ट्रेस ओढायला लागलं की अर्ध्या तासात कळतं की अडचण राउटिंगची नाहीच, पार्ट्स चुकीच्या जागी ठेवलेत. आयसी (चिप) ९० अंशात फिरवला की एकमेकांना छेदणाऱ्या निम्म्या तारा गायब होतात. मायक्रोकंट्रोलरची एलईडीची पिन बदलून शेजारची घेतली की दोन व्हाया (एका लेयरवरून दुसऱ्यावर नेणारी भोकं) वाचतात, मग स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, परत जाऊन ते बदलायचं आणि पुन्हा यायचं. ही ये-जा म्हणजेच शिकणं. ऑटोराउटर तुम्हाला परत पाठवत नाही, पार्ट्स जिथे टाकलेत तिथेच ठेवून तो कसंही करून जोडून देतो, गुंता न सोडवता गाठ मारून पुढे गेल्यासारखं.

आणि त्याला नेट (एकमेकांना जोडायच्या पिनांचा गट) म्हणजे नेट, सगळी सारखीच. व्होल्टेज कमी करून देणारा बक रेग्युलेटर घ्या. त्यात इनपुट कॅपॅसिटर, स्विच आणि डायोड यांचा लूप जितका छोटा तितका गोंधळ कमी, आणि फीडबॅकचा ट्रेस इंडक्टरपासून लांब न्यायचा, हे डेटाशीटच्या लेआउटच्या पानावर चित्रासकट दिलेलं असतं. हे ऑटोराउटरला कोण सांगणार? नियम घालून सांगता येतं, ठीक आहे, पण कुठले नियम घालायचे हे ज्याला आधीच कळतं तो नवशिक्या कसला?

दुसरं, दोन लेयरच्या बोर्डवर खालचा लेयर होईल तितका सलग ग्राउंड ठेवावा असं मी लिहिलं होतं. ऑटोराउटर मोकळा सोडला की तो खालीही लांबलचक ट्रेस टाकतो आणि ग्राउंडचे तुकडे पडतात. वेगवान सिग्नलचा परतीचा करंट त्याच ट्रेसच्या खालून यायला बघतो, मध्ये चीर आली की वळसा घालतो, लूप मोठा होतो आणि नॉइज वाढतो. डीआरसीला (प्रोग्रॅममधल्या नियम-तपासणीला) यातलं काही दिसत नाही, ते अंतर, रुंदी, राहिलेली जोडणी असलंच तपासतं. शून्य एरर आले म्हणून नाचायचं कारण नाही. मी मुद्दाम एकच सर्किट दोन्ही प्रकारे करून पाहिलंय, पार्ट्स तेच, प्रोग्रॅम तोच. ऑटोराउटवाल्या बोर्डवर तापमान सेन्सरचं रीडिंग उड्या मारत होतं, हाताने केलेल्यावर शांत. यावर तुमचं काय म्हणणं? दोन मिनिटं वाचली खरी, पुढे संध्याकाळ ऑसिलोस्कोपसमोर गेली.

कीकॅडमध्ये ऑटोराउटर आत येत नाही, फाइल बाहेर काढून फ्रीराउटिंगसारख्या प्रोग्रॅममध्ये न्यावी लागते, हे तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही शिकलेले आहात. उलट हाताने ओढताना बाकीचे ट्रेस सरकवून वाट करून देणारा राउटर त्यात आहे आणि तो सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या लोकांनी दिलाय, म्हणजे हाताने ओढण्याची हौस तिथेही असावी.

काटकोनाचं म्हणाल तर हौशी बोर्डच्या वेगाला फरक पडत नाही, पण पडतो असं मी लिहिलंच नव्हतं, ४५ अंश ठेवा म्हटलं होतं. भीती तुम्ही घातलीत.

राहिला एक ॲम्पिअर. ०.२५ सिग्नलसाठी होतं, संदर्भ बघितला असतात तर कळलं असतं. ३५ मायक्रॉन तांब्यावर, बाहेरच्या लेयरला १० अंश तापमानवाढ धरली तर एक ॲम्पिअरला साधारण ०.३ मिलिमीटर लागतात, मी स्वतः पॉवरला एक मिलिमीटर देते आणि विषय संपवते. मागच्या लेखात हे नव्हतं कारण पॉवर ट्रेसचा भाग वेगळा आहे. तो आधीच लिहून ठेवलेला आहे, तुमच्या कमेंटमुळे लिहिला असं कृपया समजू नका.