टपालासोबत आम्हीही

१९५२ साली मी मुंबईहून कलकत्त्याला विमानानं गेलो, असं सांगितलं की नातवंडांना वाटतं आमच्याकडे पैसा होता. पैसा नव्हता, अण्णा होते. रात्रीच्या टपाल-विमानाचं तिकीट दिवसापेक्षा स्वस्त, हा शोध त्यांना लागला आणि काकांकडच्या मुंजीला आम्ही पोत्यांसोबत निघालो.

ही सेवा १९४९ची, मंत्री रफी अहमद किडवाईंच्या काळातली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान सुटायचं. चारही नागपूरला सोनेगावात जमायची, पोत्यांची अदलाबदल करायची आणि आल्या वाटेनं परतायची. माणसं घेत, पण मान टपालाला.

विमान डाकोटा. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर ते कायम बसकण मारलेलं. आत शिरलं की खुर्चीपर्यंत चढण! नऊवारीतली आई कसारा घाट चढावा तशी खुर्च्यांना धरधरून वर गेली. मग पेपरमिंटची गोळी आणि कानात घालायला कापूस मिळाला. आतल्या हवेचा दाब राखायची सोय नसल्यानं विमान फार उंच जात नसे. ढग आला की त्याच्या पोटातूनच जायचं. प्रत्येक गचक्याला पोटातलं पिठलं वर-खाली. बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिनं अशी गरजत होती, की आईनं रामरक्षा मोठ्यानं म्हटली तरी देवाखेरीज कुणाला ऐकू गेली नसेल. खिडकीतून इंजिनाच्या धुराड्यातली निळी ज्योत दिसली.

"अण्णा, आग!" मी ओरडलो.

"असू दे. पैसे दिलेत त्याचे."

नागपूरला मध्यरात्री झोपेतून उठवून उतरवलं. अंधारात चार डाकोटा, चारही सारख्या. चुकीच्या विमानात चढलो तर पहाटे पुन्हा मुंबई! हमाल पोती नीट मोजून घेत होते, आम्हाला मोजायला कुणी नव्हतं. अण्णांनी मात्र युक्ती काढली.

"कलकत्त्याची पोती सोडायची नाहीत," ते म्हणाले. ती पोती हलली की आम्हीही ट्रंकेसकट हलायचो. आईच्या चेहऱ्यावर यापुढे माहेरीसुद्धा पायी जाण्याचा निर्धार होता.

सकाळी दमदमला उतरलो. घ्यायला कुणीच नाही. घोडागाडी करून घर गाठलं, तर काका दारात दात घासत उभे.

"अरे, कळवायचं तरी!"

"कळवलंय की. पत्र टाकलंय."

"तार करायची, दादा."

"तार कशाला? हल्ली साधं पत्रसुद्धा विमानानं जातं. जादा तिकीट लावावं लागत नाही."

पत्र त्यांनी आदल्या संध्याकाळी, निघता निघता टाकलं होतं.

दुपारी पोस्टमन आला. काकांनी पाकीट फोडून सगळ्यांदेखत वाचलं, "उद्या सकाळी पोचतो. दमदमला घ्यायला ये."

अण्णांनी पाकीट मागून घेतलं, मुंबईचा शिक्का उजेडात धरून पाहिला आणि आईला म्हणाले, "बघ, एका रात्रीत पोचलं!"